न सापडलेलं नाव

८ जानेवारी, बुधवार

सकाळचे साडेपाच. बाहेरच्या खोलीतल्या टेबलाशी बसून लिहिते आहे. दिवसातली एवढी एकच वेळ माझी. साडेसहाला घर जागं होतं, साडेआठला मी पाण्याच्या मीटरांच्या कंपनीत जायला निघते, आणि संध्याकाळी परत येते तेव्हा माझं नुसतं टरफल उरलेलं असतं.

कोशाच्या पेटीत त्रेचाळीस पत्रं साठली आहेत. एकही उघडावंसं वाटत नाही.

कोश मी नऊ वर्षांपूर्वी स्वतःसाठी लिहिला. प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपापलं काम बांधून एका मोठ्या सार्वजनिक कोठारात ठेवतात. त्या एकेका गाठोड्याला पॅकेज म्हणतात. कुठल्या पॅकेजची शेवटची आवृत्ती कोणती, ते कोणाचं, कुठून उतरवायचं, हे पाहायला दर वेळी कोठाराची पानं चाळायचा मला कंटाळा यायचा. म्हणून हा दोनशे ओळींचा प्रोग्रॅम केला. शब्दकोशात शब्द बघावा तसं पॅकेजचं नाव द्यायचं, की माहिती हातात. नाव नसेल तर ‘असं नाव नाही’ म्हणून थांबायचं. बस. मग तो दुसऱ्या कोणी उचलला, त्याच्याकडून तिसऱ्याने. आता अकरा हजार ठिकाणी चालतो म्हणे. कंटाळ्यापोटी केलेल्या गोष्टीचाच एवढा कंटाळा येईल असं वाटलं नव्हतं.

१३ जानेवारी, सोमवार

सासूबाईंना आज दवाखान्यातून घरी आणलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, आत पट्टी आणि खिळे घातलेत. तीन महिने वॉकर, आणि बाथरूमला जाताना सोबत कोणीतरी हवंच. त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत टाकला. माझं टेबल ह्यांनी उचलून स्वयंपाकघरात खिडकीशी नेलं. वर भिंतीला दिवा ठोकून दिला. मला विचारलं का? नाही. विचारायची पद्धतच नाही आमच्या घरात.

सासूबाई टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं होत्या. त्यातली वीस चौकशीच्या बोर्डावर. लोक नाव सांगायचे, त्या नंबर द्यायच्या. आज पडल्या पडल्या म्हणाल्या,

“तुझं ते सकाळी सकाळी काय चालतं गं?”

“तुमचंच काम, आई. मी यंत्राकडून करून घेते. लोक नाव सांगतात, ते माहिती देतं.”

“आणि नाव नसलं तर?”

“तर नाही म्हणून सांगतं.”

“मग लोक ओरडत असतील.”

“ओरडतात. मला पत्रं लिहून ओरडतात.”

“मग बरंय तुझं. आमच्या कानात ओरडायचे.”

बऱ्याच दिवसांनी हसल्या.

२१ जानेवारी, मंगळवार

एक नवा तक्रारखोर उगवला आहे. ‘तीन महिने साधी दुरूस्ती पडून आहे. हा प्रोग्रॅम जिवंत आहे की मेला ?’ त्याचं ते प्रश्नचिन्हसुद्धा शब्दापासून फटकून उभं, पाहुण्यांत रुसलेल्या माणसासारखं. उत्तर द्यायला हात उचलेना.

तासाभरात दुसऱ्याच एका अनोळखी माणसाचं पत्र. त्याने ती दुरुस्ती करूनच पाठवली होती. नीट, नेटकी, चाचण्यांसकट. खाली लिहिलं होतं, ‘तुमचा वेळ मोलाचा आहे. जमेल तेव्हा पाहावे. घाई नाही.’

घाई नाही! हे दोन शब्द मला शेवटचे कोणी म्हटले होते, आठवत नाही. नोकरीला लागल्यापासून तरी नाहीच. मी त्याचं नाव घाईनाही ठेवलं.

३० जानेवारी, गुरुवार

घाईनाहीने अकरा दुरुस्त्या पाठवल्या. सगळ्या घेतल्या. काल त्याने विचारलं, ‘तुम्ही हे एकट्या कसे सांभाळता ?’

नऊ वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.  मग सासूबाईंच्या हाडापासून कंपनीतल्या साहेबांपर्यंत सगळं लिहून टाकलं. लिहिता लिहिता दूध उतू गेलं. ह्यांनी येऊन गॅस पुसला, भांडं धुतलं, दुसरं दूध तापत ठेवलं, आणि तोंडातून चकार शब्द नाही. असं गप्प राहून माणसाला अपराधी वाटायला लावायचं, ही ह्यांची जुनी खोड. शाळेत गणिताच्या तासाला पोरांशी बोलतात तरी का, कोण जाणे.

९ फेब्रुवारी, रविवार

आता तक्रारखोर दोन झाले. दुसरा म्हणतो, ‘ज्यांना वेळ नाही त्यांनी किल्ल्या दुसऱ्याच्या हाती का देऊ नयेत ?’ पहिल्याने लगेच री ओढली. घाईनाही मात्र माझ्या बाजूने उभा राहिला. ‘ताईंवर असा दबाव आणणे योग्य नाही. त्यांच्या घरी आजारपण आहे.’ मला भरून आलं.

गंमत म्हणजे तिघांचीही प्रश्नचिन्हं फटकून असतात. हल्ली तशीच पद्धत आली असावी. ऑफिसातल्या नव्या मुलींना विचारलं पाहिजे. आपण जुन्या झालो की अशा गोष्टी कोणी सांगतही नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज सगळं एकदमच अंगावर आलं. सासूबाई बाथरूमच्या उंबऱ्यात अडखळल्या. मी धरलं, पण माझ्याच पाठीत उसण भरली. ऑफिसला पोचायला पाऊण तास उशीर. साहेब घड्याळाकडे न बघता म्हणाले, “आलात का? वा.” दुपारी पेटी उघडली तर दोन्ही तक्रारखोरांची मिळून सात पत्रं.

जेवणाच्या सुट्टीत घाईनाहीला किल्ल्या दिल्या. म्हणजे नवी आवृत्ती माझ्या नावाने प्रसिद्ध करायचा अधिकार. त्याने मागितला नव्हता. उलट म्हणाला, ‘मी लायक आहे का ?’ मलाच त्याची समजूत काढावी लागली.

तक्रारखोर दोघेही संध्याकाळपर्यंत गप्प झाले. कमाल आहे. लोकांना फक्त काम व्हायला हवं असतं, माणसाशी देणंघेणं नसतं.

३ मार्च, सोमवार

आज पावणेसातपर्यंत झोपले! जाग आली तेव्हा सासूबाईंचं सगळं आवरून झालेलं होतं. हे म्हणाले, “झोपली होतीस, उठवलं नाही.” मला आधी वाटलं टोमणाच मारतायत.

घाईनाहीचं सोमवारचं पत्र आलं. दर सोमवारी येतं. काय काय केलं ते, आणि शेवटी माझी चौकशी. पाठ कशी आहे, झोप होते का. स्वतःबद्दल कधी काही लिहीत नाही. मी एकदा विचारलं होतं, घरी कोण कोण असतं. त्यावर त्याने एक चाचणी दुरुस्त करून पाठवली. लाजाळू आहे.

१६ मार्च, रविवार

घाईनाहीची नवी कल्पना. कोशात नाव सापडलं नाही की आपण नुसते ‘नाही’ म्हणून थांबतो, ते लोकांना कठोर वाटतं. टाइप करताना एखादं अक्षर चुकतंच. त्यापेक्षा सर्वांत जवळचं नाव शोधून त्याची माहिती द्यावी. ‘लोकांना मदत होईल. हवे असेल त्यांनीच वापरावे, सक्ती नाही.’

मला कुठेतरी खटकलं, पण नेमकं काय ते बोट ठेवता येईना. सासूबाईंना वॉकरवर फिरवताना सांगितलं. त्या मध्येच थांबल्या.

“मी नवीन असताना असं केलं होतं. एकाने दाताच्या डॉक्टरांचा नंबर मागितला, नाव अर्धवट. मला वाटलं, नाही कशाला म्हणा? जवळचं नाव बघून दिला ठोकून. तो निघाला सुतार.”

“मग?”

“मग काय! तो दुखऱ्या दाताने सुतारावर ओरडला, सुतार आमच्या सुपरवायझरबाईंवर. बाईंनी मला तीन दिवस बोर्डावर बसू दिलं नाही. म्हणाल्या, ‘सापडलं नाही’ म्हणायची तुला लाज वाटते, म्हणून तू लोकांना भलत्याच्या दारात उभं करतेस.”

आम्ही दोघी इतक्या हसलो की हे बाहेर आले. सुताराची गोष्ट घाईनाहीलाही लिहून पाठवली. त्याला आवडली. म्हणाला, यंत्र सुतार आणि डॉक्टर यांत गल्लत करणार नाही, याची काळजी घेईन.

२५ मार्च, मंगळवार

बदल आला. तीनशे चाळीस ओळी. मूळ कोशापेक्षा मोठा! अर्ध्यापर्यंत वाचला. एक ओळ होती: दोन नावं सारखीच जवळची असतील तर अलीकडे नोंदलेलं निवडायचं. असं का, ते विचारणार होते. तेवढ्यात आतून हाक आली. परत येऊन ‘ठीक’ असं लिहून टाकलं.

पाठ दुखते आहे.

८ एप्रिल, मंगळवार

ऑफिसात असताना फोन आला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज, कोरडा.

“कोश तुमचा का?”

“हो.”

“मी एका रक्तपेढीत संगणक सांभाळते. तुमचा नंबर शोधायला दोन दिवस गेले. बसला आहात का?”

मी उभी होते. बसले.

त्यांनी गेल्या आठवड्यात नवीन यंत्र मांडलं. चाळीस पॅकेजांच्या नावांची यादी होती. त्यातल्या एका नावात एक अक्षर गळलं होतं. आधीचा कोश असता तर ‘असं नाव नाही’ म्हणून थांबला असता, आणि बाईंनी यादी दुरुस्त केली असती. नव्या आवृत्तीने हूं की चूं न करता भलत्याच पॅकेजचा पत्ता दिला. यंत्राने ते उतरवून घेतलं. ते पॅकेज कोठारात येऊन जेमतेम अकरा दिवस झाले होते. त्याने रक्तदात्यांची नावं, फोन, रक्तगट, सगळं बाहेर पाठवायला सुरुवात केली.

“दोन दिवस आम्ही कागदावर रक्त देतोय,” त्या म्हणाल्या. “पिशवीवरचा नंबर दोघींनी मोठ्याने वाचायचा, मग द्यायची. कोणाला चुकीची गेली नाही. गेली असती.”

मी म्हणाले, “पण ते आपोआप होत नाही. हवं असेल त्यांनीच वापरायचं आहे.”

“तुम्ही तुमचा कोड वाचलाय का?”

“अर्ध्यापर्यंत,” मी म्हणाले.  मग म्हणाल्या, “वाचा,” आणि फोन ठेवला.

वाचला. ज्या अर्ध्या भागापर्यंत मी पोचले नव्हते तिथे ते सगळ्यांसाठी चालू करून ठेवलेलं होतं.

९ एप्रिल, बुधवार

घाईनाहीला काल तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. आजारी असेल. किंवा त्याचं खातं कोणी चोरलं असेल. चूक कोणाच्याही हातून होते, माझ्या होत नाहीत का?

हे चहा घेऊन आले तेव्हा मी रडत होते. काय झालं ते सांगावं लागलं. म्हणाले, “पत्रं दाखव.” मी म्हणाले, “तुम्हाला काय कळणार आहे त्यातलं?” तरी बसले. वीस मिनिटं वाचत होते. मग तक्रारखोरांची दोन आणि घाईनाहीचं एक अशी पत्रं शेजारी शेजारी लावली.

“ही कॉपी आहे,” म्हणाले.

“कॉपी कसली?”

“परीक्षेत असते तशी. तीन पेपर, एक हात. हे बघ, प्रश्नचिन्हाआधी जागा. ‘दुरुस्ती’तला ‘रु’ तिघांनीही दीर्घ काढलाय. आणि एक चिडला की दुसरा तासाभरात समजूत काढायला हजर. पंचवीस वर्षं पेपर तपासतोय मी.”

त्या भलत्या पॅकेजचं वर्णन उघडलं. पहिलीच ओळ: ‘तुमचे काम सोपे करायचे आहे ?’

जागा सोडलेली.

मी ह्यांच्यावर चिडले. का, ते मला अजून कळलेलं नाही. म्हणाले, “तुम्हाला तो पहिल्यापासून आवडत नव्हता.” हे म्हणाले, “मला तर तो आहे हेच माहीत नव्हतं.”

१० एप्रिल, गुरुवार

रजा टाकली. किल्ल्या काढून घेतल्या. भीती होती की त्यानेच मला बाहेर काढलं असेल. पण नव्हतं काढलं. माझा अधिकार जसाच्या तसा. मनात आलं, तेवढी तरी लाज ठेवली बिचाऱ्याने. नवी प्रत्येक आवृत्ती माझ्याच नावाने गेली होती.

दुपारपर्यंत जुनी वागणूक परत आणली. नाव नाही, तर नाही. कोठार सांभाळणाऱ्यांना कळवलं, त्यांनी तासाभरात ती पॅकेजं उतरवली. एक नव्हतं, चौदा होती, सगळी नावाजलेल्या पॅकेजांच्या नावात एखादं अक्षर फिरवून ठेवलेली.

मग जाहीर निवेदन. साहेबांना कुठून तरी कळलं होतं. फोन करून म्हणाले, “कंपनीचं नाव कुठे येता कामा नये. आणि मी तुमच्या जागी असतो तर ‘तांत्रिक दोष’ एवढंच लिहिलं असतं. खोटं थोडंच आहे?” खोटं नव्हतंच. तसा एक मसुदा करूनही पाहिला. गुळगुळीत झाला होता, घाईनाहीच्या पत्रासारखा.

खोडला. लिहिलं: ‘मी दमले होते. अनोळखी माणसाने मदत केली, मी त्याला अधिकार दिले. त्याचा बदल मी पूर्ण न वाचता मंजूर केला. २५ मार्चनंतर ज्यांनी कोश वापरला त्यांनी आपापली यंत्रं तपासावीत. कशी तपासायची ते खाली दिलं आहे.’ आणि माझं पूर्ण नाव.

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, “दमले होते, ते काढ. ते त्यांनी कशाला ऐकायचं?”

काढलं.

१२ एप्रिल, शनिवार

सहाशेच्या वर पत्रं. कोणी लिहितं, बाईमाणसाने झेपेल तेवढंच घ्यावं. कोणी लिहितं, धन्यवाद, आम्ही वाचलो. एकाने माझी नोकरी जावी अशी इच्छा व्यक्त केली आहे, फार शुद्ध भाषेत. सगळी वाचते आहे. न वाचता पुढे जायची आता भीतीच बसली आहे.

आणखी नऊ ठिकाणी ते पॅकेज शिरल्याचं कळलं. एक शाळा आहे, एक दातांचा दवाखाना. सासूबाईंना दवाखान्याचं सांगितलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

रक्तपेढीतल्या बाईंचा पुन्हा फोन. मला वाटलं, वकील आणणार. म्हणाल्या, “तुमच्याकडे आता दुसरं कोण वाचतं?”

“कोणी नाही.”

“मग मी वाचेन. आठवड्यातून दोन तास, त्यापेक्षा जास्त मिळणार नाहीत. आणि मी गोड बोलणार नाही.”

“नका बोलू,” मी म्हणाले.

आजपासून नियम केला: कोणताही बदल दोघींनी पूर्ण वाचल्याशिवाय जाणार नाही. माझाही नाही. त्यांनी माझा पहिलाच बदल परत पाठवला. ‘चौथी ओळ कळत नाही.’ प्रश्नचिन्ह नाही, नमस्कार नाही. चौथी ओळ खरंच चुकली होती.

किती तुटक बाई आहे. सोमवारी सकाळी पेटी उघडताना मात्र हात उगीचच घुटमळतो. त्या दिवशी कोणाचंच पत्र नसतं, नुसतं काम असतं.

१९ मे, सोमवार

त्याचं पत्र आलं.

वेगळाच पत्ता, नाव नाही. दोनच ओळी. ‘ते काम होते, मला दिलेले. पण कोश तुम्ही खरोखर सुंदर लिहिला आहे, इतका स्वच्छ कोड मी क्वचित पाहिला.’

रक्तपेढीने तक्रार केल्यापासून पोलीस तपास करताहेत, त्यांना ते पत्र पाठवलं, रक्तपेढीतल्या बाईंनाही पाठवलं. त्यांचं उत्तर लगेच आलं: ‘उघडलंत ते ठीक. उत्तर देऊ नका.’

मी उत्तर दिलं नाही. पण पत्र पाच वेळा वाचलं.

हे चहा घेऊन आले. कप ठेवून रोजच्यासारखे वळले. मी म्हणाले, “बसा ना जरा.” बसले. खुर्ची एकच असते इथे, म्हणून पिठाच्या डब्यावर बसले. मी पत्र वाचून दाखवलं.

“खोटं बोलत असेल,” हे म्हणाले.

“असेल.”

“अजून काहीतरी काढायचं असेल तुझ्याकडून.”

“तेही असेल.”

चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग विचारलं, “वाचून बरं वाटलं तुला?”

ह्यांना उत्तर देताना मी कधी इतका वेळ घेतला नसेल.

“हो,” मी म्हणाले.